दूधगंगेतून उपसलेली वाळू परत येते का? पाण्याखालचा तळ मोजून हे कसं कळतं?

कागल सोडून निपाणीच्या दिशेने निघालं की पुणे-बेंगळुरू महामार्ग दूधगंगा नदी ओलांडतो आणि तिथेच कर्नाटकची हद्द लागते. पुलावरून खाली पाहिलं तर पाणी दिसतं, काठचा ऊस दिसतो. पाण्याखाली काय आहे ते मात्र दिसत नाही आणि वाळूचा खरा प्रश्न तिथेच दडलेला असतो.

वाळूच्या बातम्या एव्हाना सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. रात्री पकडलेला डंपर, जाळलेली बोट, महसूल पथकाची कारवाई, लाखोंचा दंड. या बातम्यांत चर्चा होते ती वाळू कोणी नेली, किती नेली याची. पण त्याआधीचा एक साधा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. नदीतून जेवढी वाळू काढली, तेवढी पुढच्या पावसाळ्यात परत आली का?

या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी नदीचा तळ मोजावा लागतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. असाच अभ्यास अमेरिकेतल्या मोठ्या तलावांच्या काठावर होतो, कोकणासारख्या समुद्रकिनाऱ्यांवर होतो आणि आपल्या धरणांमध्येही होतो. हे सर्वेक्षण नेमकं कसं करतात आणि कागलसारख्या नदीकाठच्या तालुक्याला त्याचा काय उपयोग, ते समजून घेऊया.

वाळूचं पुनर्भरण म्हणजे काय?

नदीतली वाळू हा बँकेतल्या खात्यासारखा हिशोब आहे. वरच्या भागातून पाण्याबरोबर वाळू येते, ती जमा. पाण्याबरोबर पुढे निघून जाते किंवा माणूस उपसतो, ती खर्च. वर्षभरात जमा आणि खर्च जुळले तर तळाची पातळी साधारण तशीच राहते. खर्च जास्त झाला तर तळ खाली जातो.

उपशानंतर नदी स्वतःहून जी भर घालते, तिला वाळूचं पुनर्भरण म्हणतात. सरकारी कागदपत्रांत यासाठी ‘रिप्लेनिशमेंट स्टडी’ हा शब्द येतो. म्हणजे पावसाळ्याआधी तळ किती पातळीवर होता आणि पावसाळ्यानंतर किती पातळीवर आहे, याची तुलना. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे त्या पावसाळ्याची कमाई.

गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण हिशोबात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे वाळू दरवर्षी सारखी येत नाही. मोठा पूर आला तर खूप भर पडते, नाहीतर एखादी जागा उलट खरवडून निघते. दुसरी अडचण म्हणजे खड्डा भरला तरी तो वाळूनेच भरला असं नाही. तो गाळानेही भरू शकतो. पातळी तीच दिसते, पण बांधकामाच्या आणि नदीच्याही दृष्टीने दोन्हींत मोठा फरक असतो.

कागलच्या नदीत वाळू येते कुठून?

दूधगंगा सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत येते. वेदगंगा तिला येऊन मिळते आणि पुढे कर्नाटकात दूधगंगा कृष्णेत विलीन होते. डोंगरात पावसाने खडक फुटतो, ओढ्यातून दगडगोटे येतात, ते एकमेकांवर घासून लहान होतात आणि मैदानात येईपर्यंत त्यांची वाळू झालेली असते. हा प्रवास एका पावसाळ्याचा नाही. एखाद्या कणाला त्यासाठी शेकडो वर्षंही लागू शकतात.

यात आपल्या भागाचं एक वैशिष्ट्य आहे. सह्याद्री प्रामुख्याने बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा बनलेला आहे. ग्रॅनाइटसारखा खडक झिजला की त्यातले गारगोटीचे टणक कण वाळू म्हणून टिकून राहतात. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळपास नसते. तो पूर्ण झिजला की त्यातून मुख्यतः बारीक चिकणमाती तयार होते. काठावरची काळी कसदार जमीन ही त्याचीच देणगी. शेतीसाठी ही चांगली बातमी आहे, पण वाळूच्या बाबतीत नदीची कमाई मुळातच बेताची आहे.

म्हणजेच बेसाल्टच्या प्रदेशातली नदी वाळू गमावते लवकर आणि कमावते सावकाश.

धरण वाळूचं काय करतं?

दूधगंगेवर राधानगरी तालुक्यात काळम्मावाडी धरण आहे. त्याची साठवण क्षमता सुमारे २५.३९ टीएमसी आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांना या प्रकल्पाचं पाणी मिळतं. पाणी गेटमधून खाली सोडता येतं. वाळूचं तसं नाही.

वेगाने येणारी नदी धरणाच्या साठ्यात शिरली की तिचा वेग एकदम मंदावतो. जड कण आधी खाली बसतात. म्हणून वाळू आणि खडे साठ्याच्या सुरुवातीच्या टोकाला साचतात, तर बारीक गाळ भिंतीपर्यंत जातो. धरणातून जे पाणी बाहेर पडतं, त्यात वाळू जवळपास नसते.

अशा पाण्याला शास्त्रज्ञांनी ‘भुकेलं पाणी’ असं नाव दिलं आहे. त्याच्यात वाळू वाहून नेण्याची ताकद असते, पण वाहायला वाळू नसते. मग ते खालच्या पात्रातून आणि काठांतून ती उचलू लागतं. वरून येणारी भर कमी झालेली असताना खालून उपसाही सुरू राहिला, तर पात्राला दोन्ही बाजूंनी फटका बसतो. धरणाच्या खाली येऊन मिळणारे ओढे आणि उपनद्या थोडी भर घालतात, पण ती किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा विचार इथे वेगळा करावा लागतो. या बंधाऱ्यांत खांबांच्या मधल्या गाळ्यांत बरगे बसवून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढून घेतात. त्यामुळे पुराचं पाणी आणि त्याबरोबरची वाळू गाळ्यांतून पुढे जाऊ शकते. नदीतली बहुतेक वाळू पुरातच हलते, हे लक्षात घेतलं तर पावसाळ्यात बंधारा मोकळा ठेवण्याचा हा फायदा मोठा आहे.

नियम काय सांगतो?

२०१२ मध्ये ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. त्यानंतर २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जिल्हा सर्वेक्षण अहवालाची तरतूद केली. जिल्ह्यात कुठे वाळू साचते, कुठे पात्र झिजतंय, कुठे उपसा करू नये, हे या अहवालात यायला हवं.

जानेवारी २०२० मध्ये मंत्रालयाने वाळू उत्खननावर देखरेख ठेवण्यासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात पुनर्भरण अभ्यासासाठी वर्षात चार वेळा सर्वेक्षण करण्याची पद्धत सांगितली आहे.

• पहिलं सर्वेक्षण एप्रिलमध्ये, आर्थिक वर्षाच्या सुरुवातीची पातळी नोंदवण्यासाठी.
• दुसरं पावसाळ्यासाठी उपसा बंद करताना.
• तिसरं पावसाळा संपल्यावर, किती भर पडली ते पाहण्यासाठी.
• चौथं मार्चअखेरीस, वर्षभरात किती उपसा झाला ते पाहण्यासाठी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्वेक्षणातला फरक म्हणजे पुनर्भरण. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक म्हणजे पावसाळ्यानंतरचा उपसा. त्यामुळे परवाना किती ब्रासचा होता आणि प्रत्यक्षात किती ब्रास गेली, हे नदीचा तळच सांगतो. पावत्या कितीही नीट लावल्या तरी खड्डा लपत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा आणखी ठाम केला. पुनर्भरण अभ्यास नसेल तर जिल्हा सर्वेक्षण अहवाल पूर्ण मानता येणार नाही आणि त्या आधारावर पर्यावरण मंजुरी देता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ आहे.

पाण्याखालचा तळ मोजतात कसा?

नदी कोरडी असेल तर काम सोपं असतं. ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशन लावून, स्टाफ धरून पातळ्या घेता येतात. ड्रोनने फोटो काढून पात्राचा त्रिमितीय नकाशाही बनवता येतो. पण पाणी असेल तर ड्रोनच्या कॅमेऱ्याला तळ दिसत नाही. गढूळ पाण्यात तर अजिबातच नाही.

अशा वेळी आवाजाची मदत घेतात. बोटीखाली ‘इको साउंडर’ नावाचं यंत्र लावलेलं असतं. ते पाण्यात ध्वनिलहर सोडतं, लहर तळावर आदळून परत येते आणि यंत्र मधला वेळ मोजतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर असतो. समजा लहर जाऊन परत यायला एक सेकंदाचा शंभरावा भाग लागला. म्हणजे तिने एकूण १५ मीटर अंतर कापलं. जाणं आणि येणं मिळून १५, म्हणून खोली साडेसात मीटर.

फक्त खोली कळून उपयोग नाही. ती कुठल्या जागेची, हेही कळायला हवं. त्यासाठी बोटीवर उच्च अचूकतेचं जीपीएस असतं. मोबाईलमधलं जीपीएस काही मीटर चुकतं. सर्वेक्षणात ‘आरटीके’ नावाची पद्धत वापरतात. काठावर ज्ञात जागेवर एक स्थिर यंत्र असतं आणि ते बोटीवरच्या यंत्राची चूक त्याच क्षणी सुधारत राहतं. त्यामुळे अचूकता काही सेंटीमीटरपर्यंत येते.

मग बोट नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषेत जाते. ठराविक अंतरावर दुसरी रेषा, मग तिसरी. अशा अनेक आडव्या रेषांवरून तळाचा नकाशा तयार होतो. साध्या यंत्रातून एकच लहर निघते आणि बोटीच्या बरोबर खालचा तळ मोजते. ‘मल्टिबीम’ यंत्रातून पंख्यासारख्या अनेक लहरी निघतात आणि एका फेरीत तळाचा रुंद पट्टा मोजला जातो. पण मल्टिबीम महाग आहे आणि उथळ पाण्यात त्याचा पट्टाही अरुंद होतो, म्हणून लहान नद्यांमध्ये साधं यंत्रच बऱ्याचदा पुरेसं पडतं.

यात तिसरी गोष्ट म्हणजे पक्की खूण, म्हणजे बेंचमार्क. नदीच्या पाण्याची पातळी रोज बदलते. आज पाणी दोन मीटर खोल आहे आणि महिन्याने तीन मीटर, याचा अर्थ तळ एक मीटर खाली गेला असा होत नाही. पाणी वाढलेलं असू शकतं. म्हणून सगळी मापं पुलाच्या खांबावर किंवा काठावर कोरलेल्या, समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असलेल्या खुणेला जोडतात. चारही सर्वेक्षणं त्याच खुणेवरून झाली तरच तुलना खरी ठरते.

काठाजवळचं उथळ पाणी सगळ्यात अवघड का?

समजा, कागलच्या जयसिंगराव तलावासारख्या एखाद्या तलावाचा तळ मोजायचा आहे. मधल्या खोल भागात बोट सहज फिरते. काठावरच्या कोरड्या भागात माणूस चालत पातळी घेतो. पण गुडघाभर ते कमरेइतक्या पाण्याचा जो पट्टा असतो, तिथे दोन्ही पद्धतींची पंचाईत होते. बोट टेकते, पंख्यात गवत अडकतं, ध्वनिलहर इतक्या लवकर परत येते की यंत्राला ती नीट ओळखता येत नाही.

गंमत म्हणजे वाळूच्या अभ्यासासाठी हाच पट्टा सगळ्यात महत्त्वाचा असतो. लाटा इथेच फुटतात, काठ इथेच खचतो आणि वाळू इथूनच आत-बाहेर करते. म्हणून तिथे माणसं पाण्यात उतरतात. हातात लांब काठी, काठीच्या वर जीपीएस आणि खाली तळात रुतू नये म्हणून सपाट चकती. एकेक पाऊल टाकत ते बिंदू नोंदवतात. आता यासाठी रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बोटीही मिळतात. पाणी स्वच्छ असेल तर विमानातून हिरव्या लेसरने तळ मोजण्याचं तंत्रही आहे, पण आपल्या गढूळ नद्यांत त्याचा उपयोग कमी.

तळाची पातळी मोजली तरी तो कशाचा आहे ते कळत नाही. त्यासाठी चिमट्यासारखं उपकरण दोरीने खाली सोडून तळाचा नमुना वर काढतात आणि तो चाळण्यांतून चाळून वाळू किती, गाळ किती ते पाहतात. वाळूचा थर किती जाड आहे हे पाहायचं असेल तर कमी वारंवारतेची ध्वनिलहर वापरतात. ती तळावर न थांबता आत शिरते आणि खालच्या टणक थरावरून परत येते.

दहा सेंटीमीटरची चूक किती महाग पडते?

समजा, पाच हेक्टरचा एक वाळू गट आहे आणि सर्वेक्षणात सगळीकडे फक्त १० सेंटीमीटरची चूक झाली. पाच हेक्टर म्हणजे ५०,००० चौरस मीटर. त्याला ०.१ मीटरने गुणलं की होतात ५,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे ही चूक झाली जवळपास १,७६६ ब्रासची.

हाताच्या वितीपेक्षा कमी चुकीने कागदावर शेकडो डंपर वाळू ‘तयार’ होते किंवा गायब होते. मुद्दाम काही करायचीही गरज नाही. पाण्याचं तापमान २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर आवाजाचा वेग जवळपास दोन टक्क्यांनी वाढतो. हे लक्षात न घेता १० मीटर खोल पाणी मोजलं तर १८ सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो. बोट लाटांनी हलली, तळावर गवत असलं, रेषा फार दूर दूर घेतल्या, तरी आकडे बदलतात.

म्हणून चांगल्या अहवालात फक्त ‘इतकी वाळू आहे’ असं लिहिलेलं नसतं. कोणत्या तारखेला, कोणत्या खुणेवरून, किती अंतरावर रेषा घेऊन मोजलं आणि चुकीची शक्यता किती, हेही लिहिलेलं असतं. पुनर्भरण १५ सेंटीमीटर आणि मापाची चूक २० सेंटीमीटर असेल, तर त्या आकड्यावर लिलाव करणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

अमेरिकेतल्या तलावांवर हेच का करतात?

अमेरिकेतला मिशिगन तलाव इतका मोठा आहे की काठावर उभं राहिलं तर समोरचा किनारा दिसत नाही. शिकागो शहर त्याच्याच काठावर आहे. तिथे समुद्रासारख्या लाटा येतात आणि वाळूचे किनारेही आहेत. लाटा तिरप्या येत असल्याने वाळू काठाने एका दिशेला सरकत राहते. पण ठिकठिकाणी बंदरं आणि धक्के बांधल्यावर या वाळूची वाट अडली. धक्क्याच्या एका बाजूला वाळू साचू लागली आणि दुसऱ्या बाजूचा किनारा झिजू लागला.

त्यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी बाहेरून वाळू आणून किनाऱ्यावर टाकतात. पण ती टिकते का, हे नुसत्या किनाऱ्याकडे पाहून कळत नाही. किनाऱ्यावरून गायब झालेली वाळू काही वेळा थोड्या अंतरावर पाण्याखाली बांधासारखी साचलेली असते आणि शांत हवामानात परत येते. काही वेळा मात्र ती कायमची खोल पाण्यात निघून गेलेली असते. यातलं काय झालं, हे काठाजवळचा तळ पुन्हा पुन्हा मोजूनच समजतं.

या तलावांच्या अभ्यासातून कळलेली एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. काठाजवळ अनेक ठिकाणी वाळूचा थर पातळ असतो आणि त्याखाली जुनी घट्ट चिकणमाती असते. वाळू या मातीचं संरक्षण करते. वाळू गेली आणि माती उघडी पडली की लाटा ती झिजवतात. वाळू परत आणून टाकता येते, पण झिजलेली घट्ट माती परत तयार होत नाही. नदीतही तसंच आहे. वाळूचा थर संपून खालचा थर उघडा पडला की तोटा कायमचा होऊ शकतो.

धरणांचा तळ मोजला तर काय कळतं?

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर धरणांचे आकडे फिरतात. ‘राधानगरी १०० टक्के’, ‘काळम्मावाडी ९० टक्के’. पण १०० टक्के म्हणजे कशाच्या १०० टक्के? धरणाच्या क्षमतेच्या. आणि क्षमता ठरते तळाच्या नकाशावरून. तळात गाळ आणि वाळू साचली आणि नकाशा जुनाच राहिला, तर टक्केवारी बरोबर असूनही पाणी कमी असू शकतं.

याचं मोठं उदाहरण कृष्णेवरच आहे. श्रीशैलम धरणाची मूळ क्षमता ३०८ टीएमसी होती. नंतरच्या सर्वेक्षणांनंतर अधिकृत पत्रकांत ती सुमारे २१५ टीएमसी दाखवली जाते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात एक कोटी ब्रास. म्हणजे ९० टीएमसीपेक्षा जास्त फरक म्हणजे ९० कोटी ब्रासपेक्षा जास्त जागा.

महाराष्ट्रात धरणांतल्या गाळाचा अभ्यास नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, करते. किनारे आणि नद्यांच्या प्रश्नांवर पुण्याजवळ खडकवासल्याला असलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र काम करतं. धरणांसाठी बोटीच्या सर्वेक्षणाबरोबर उपग्रहाची पद्धतही वापरतात. पाणी वेगवेगळ्या पातळीला असताना त्याचा पसारा किती, हे उपग्रहाच्या चित्रांतून मोजतात आणि त्यावरून साठा काढतात. ही पद्धत स्वस्त आहे. पण जो भाग कधीच उघडा पडत नाही, त्याचा तळ तिला दिसत नाही. तिथे बोटच लागते.

कागलच्या वाळूचा समुद्राशी काय संबंध?

कागलहून कोकणचा किनारा जवळ आहे. पण दूधगंगा तिकडे जात नाही. ती पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा असा प्रवास करत बंगालच्या उपसागरात पोहोचतं. वाटेतल्या प्रत्येक धरणात वाळू आणि गाळ मागे राहतो.

याचा परिणाम आंध्र प्रदेशातल्या कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात दिसतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी आणि नवी उपग्रह चित्रं ताडून पाहिली गेली. तिथला किनारा वर्षाला सरासरी ७७ हेक्टरच्या आसपास झिजत होता आणि नव्याने तयार होणाऱ्या जमिनीपेक्षा हे प्रमाण सुमारे तिप्पट होतं. नदीतून येणारं पाणी आणि गाळ कमी होणं हे त्याचं मुख्य कारण असल्याचं संशोधकांनी म्हटलं. म्हणजे सह्याद्रीत सुटलेली वाळू वाटेत थांबली की हजारभर किलोमीटरवरच्या मच्छीमारांच्या गावाला त्याची झळ पोहोचते.

कोकणच्या किनाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे. तिथे पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि पावसाळा सरल्यावर शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून जुलैत अरुंद दिसणारी पुळण जानेवारीत पुन्हा रुंद दिसते. किनारा खरंच झिजतोय की ही नेहमीची ये-जा आहे, हे ठरवायलाही पावसाळ्याआधी आणि नंतर, काठाजवळच्या तळासकट मोजमाप लागतं. पद्धत तीच, फक्त नदीच्या जागी समुद्र.

वाळू परत आली नाही तर गावाचं काय बिघडतं?

नदीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वाळू ही नदीची गाळणी आणि साठवण दोन्ही आहे. कणांच्या मधल्या पोकळीत पाणी मुरून राहतं. तळ खाली गेला की काठच्या विहिरींची पातळीही खाली ओढली जाते. पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलचं तोंड उघडं पडतं आणि उन्हाळ्यात पाईप आणखी खाली न्यावा लागतो. काठाचा पाया सुटल्यावर कडेची मळीची जमीन उसासकट पात्रात ढासळते. पुलाच्या खांबांभोवतीचं भक्कम भरण कमी होतं.

म्हणूनच मार्गदर्शक तत्त्वांत उपशाची खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यातलं जे कमी असेल तिथपर्यंतच मर्यादित ठेवलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) नुसार बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड सरकारी तिजोरीत जातो. वाळू काही त्याने नदीत परत येत नाही.

दुसरीकडे बांधकामं थांबणार नाहीत, हेही खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल सर्वाधिक वापरली जाणारी ही नैसर्गिक संपत्ती आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये नव्या वाळू धोरणाबरोबर दगड भरडून तयार केलेल्या कृत्रिम वाळूचं धोरणही आणलं, ते याच कारणासाठी. बेसाल्टमधून नदीला वाळू बनवायला शतकं लागतात, क्रशरला काही मिनिटं. अर्थात क्रशरला खाण लागते आणि खाणीलाही डोंगर लागतो. त्यामुळे तो हिशोबही वेगळा मांडावाच लागेल.

गावकऱ्यांना यात काय करता येतं?

जिल्हा सर्वेक्षण अहवाल गुप्त नसतो. २०१६ च्या तरतुदीनुसार त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस ठेवायचा असतो, म्हणजे लोकांना हरकती आणि सूचना देता येतात. अहवाल दर पाच वर्षांनी अद्ययावत करायचा असतो. तो हातात आल्यावर पुढचे प्रश्न विचारता येतात.

• आपल्या गावाजवळच्या वाळू गटाचा तळ पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजला आहे का?
• दोन्ही मोजणी एकाच बेंचमार्कवरून झाली आहे का? तो बेंचमार्क कुठे आहे?
• पाण्याखालचा आणि काठाजवळचा उथळ भाग मोजला, की फक्त उघडं पात्र?
• साचलेली भर वाळूची आहे की गाळाची? नमुने कुठून घेतले?
• मागच्या वर्षी परवानगी किती ब्रासची होती आणि तळातला फरक किती ब्रासचा निघाला?

दूधगंगेच्या बाबतीत आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. कागलच्या पुढे नदी राज्याची हद्द ओलांडते. अलीकडचा अहवाल कोल्हापूर जिल्ह्याचा, पलीकडचा बेळगाव जिल्ह्याचा. पण पात्र एकच आहे. खालच्या बाजूला खोल खड्डा पडला तर तळाची झीज वरच्या दिशेने सरकत येते आणि वरच्या बाजूला वाळू संपली तर खालच्या बाजूला ती पोहोचत नाही. दोन्हीकडची मापं शेजारी शेजारी ठेवली तरच नदीचा पूर्ण हिशोब लागतो.

पावसाळा संपला की बंधाऱ्यांवर पुन्हा बरगे चढतात आणि पाणी अडतं. उघडा पडलेला तळ पुन्हा झाकला जातो. त्याआधीच्या काही आठवड्यांत मोजणी झाली, तर त्या वर्षी नदीने किती वाळू परत दिली ते आकड्यात सांगता येतं. ती झाली नाही, तर पुढच्या लिलावात किती वाळू काढायची हा आकडा तेवढा असतो, पण नदीत ती आहे का, हे कोणालाच सांगता येत नाही.